विद्यापीठातलं पहिलं वर्ष: मोडलेली अभ्यासाची घडी पुन्हा कशी बसवायची

पहिलं सत्र सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले की वेगवेगळ्या तोंडून एकच वाक्य ऐकू येतं: "शाळेत असताना माझं असं नव्हतं." पुस्तक उघडलं तरी पान सरकत नाही, लेक्चरला बसलं तरी डोक्यात काही शिरत नाही, आणि तीन-चार सबमिशन एकाच आठवड्यात अंगावर येतात. हे सांगणारे बरेच जण शाळेत पुढच्या नंबरातले असतात, म्हणून त्यांना ते जास्त लागतं. काल जमत होतं ते आज जमत नाही, म्हणजे आपली कुवतच एवढी, असं ते मनाशी ठरवून टाकतात.

मला ते पटत नाही. कुवत जिथल्या तिथे असते, गेलेली असते ती चौकट. शाळेत आज काय शिकायचं हे कुणीतरी ठरवत होतं, वही तपासत होतं, दर थोड्या दिवसांनी चाचणी घेत होतं, घरी कुणीतरी "झाला का अभ्यास?" असं विचारत होतं. या सगळ्याने आपल्याला अभ्यासाला बसवलं होतं आणि आपण समजत होतो की आपल्याला अभ्यासाची आवड आहे. विद्यापीठात ही चौकट एका दिवसात निघून जाते. ती स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करणं हे पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोठं काम आहे. मन लागणं त्याच्या मागून येतं. पुढच्या पायऱ्या त्या क्रमानेच लिहिल्या आहेत. सत्र अर्धं सरलं असेल तरी पहिलीपासूनच सुरुवात करा.

पायरी १: न दिसणारे तास कागदावर आणा

वेळापत्रक हातात आलं की पहिली फसगत होते. आठवड्याला अठरा-वीस तास लेक्चर, बाकी सगळं मोकळं! पण विद्यापीठं अभ्यासक्रम आखताना हिशोब वेगळा धरतात. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम गृहीत धरलेलं असतं. म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. चाळीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास होतात. इतरत्रही वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास हा अंदाज जुना आहे. थोडक्यात, वेळापत्रकावर छापलेले तास निम्मे किंवा त्याहून कमीच असतात. उरलेले तुम्ही लिहायचे.

त्यासाठी आठवड्याचा एक तक्ता काढा. आधी लेक्चर आणि प्रॅक्टिकल भरा, मग झोप, जेवण, प्रवास, काम करत असाल तर ते. उरलेल्या जागेत प्रत्येक विषयाला आठवड्यातून दोन ठरलेल्या खिडक्या द्या. खिडकीवर "अभ्यास" असं लिहू नका. त्या शब्दाला हात घालता येत नाही. "संख्याशास्त्र, प्रकरण २ ची उदाहरणं, ग्रंथालय" असं लिहा. एक दुपार आणि एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवा, कारण काहीतरी निसटतंच आणि निसटलेलं तिथे बसवता येतं. गच्च भरलेला तक्ता तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मग माणूस तक्ता करणंच सोडून देतो.

पायरी २: सत्राच्या सगळ्या तारखा एका पानावर

प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या पोर्टलवर असतो, त्यामुळे कोणता आठवडा जड जाणार हे कुणालाच दिसत नाही. एक संध्याकाळ घालवून सगळ्या सबमिशन, चाचण्या, प्रॅक्टिकल, सादरीकरणं एका पानावर उतरवा आणि भिंतीवर लावा. मग प्रत्येक मोठ्या तारखेपासून उलटं मोजत या. निबंध पाचव्या आठवड्यात द्यायचा असेल तर कच्चा खर्डा चौथ्यात, वाचन तिसऱ्यात, विषय ठरवणं दुसऱ्यात. गुणांची विभागणीही तिथेच लिहा. पाच टक्क्यांच्या असाइनमेंटवर तीन रात्री आणि चाळीस टक्क्यांच्या परीक्षेला एक रात्र, असा उलटा व्यवहार पहिल्या वर्षात अनेकांचा होतो.

पायरी ३: लेक्चर त्याच दिवशी मिटवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच विसरण्याचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो, पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, मग तो मंदावतो, हे त्यातून दिसलं. अर्थ असलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, पण घसरणीचा आकार तसाच असतो. म्हणून "रविवारी सगळ्या नोट्स नीट लिहून काढेन" हा बेत महाग पडतो. रविवारपर्यंत सोमवारचं लेक्चर जवळजवळ परकं झालेलं असतं.

लेक्चरच्या आधी दहा मिनिटं त्या प्रकरणाचे मथळे आणि आकृत्या चाळा. समजायला हवं असं काही नाही, नावं ओळखीची झाली तरी पुरे. लेक्चर चालू असताना प्रत्येक शब्द टिपू नका. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी रुळवलेली पानाची मांडणी यासाठी सोयीची आहे. पानाच्या उजवीकडे रुंद रकान्यात नोट्स, डावीकडे अरुंद रकाना रिकामा, खाली चार-पाच ओळींची जागा. लेक्चर संपल्यावर त्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटं बसून डाव्या रकान्यात प्रश्न लिहा. उजवीकडचा मजकूर ज्याचं उत्तर आहे तो प्रश्न. खाली स्वतःच्या शब्दांत सार लिहा. सार लिहिताना अडलात तर नेमकं कुठे कळलं नाही ते सापडलं. तिथे मोठं प्रश्नचिन्ह करा, सहाव्या पायरीत ते कामाला येणार आहे.

पायरी ४: वाचणं कमी करा, आठवणं वाढवा

माझ्या मते पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती इथे. पुन्हा पुन्हा वाचणं आणि हायलायटर फिरवणं ही बहुतेकांची अभ्यासाची पद्धत असते. शाळेत ती खपून गेली, कारण मजकूर कमी होता आणि शिक्षक उजळणी करून घेत होते. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. पुनर्वाचन आणि अधोरेखन खालच्या गटात गेले. सगळ्यात वर आल्या दोनच पद्धती: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं.

चाचणीची ताकद किती असते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात छान दिसतं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत पुस्तक बंद करून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. त्यातला पाच मिनिटांचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. वाचून उठल्यावर "आलं सगळं" असं जे वाटतं ते त्या क्षणापुरतं खरंच असतं, म्हणून तर आपण फसतो. पुस्तक बंद करून लिहिताना मात्र अडखळायला होतं, चिडचिड होते, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. त्या अडखळण्यातच शिकणं चाललेलं असतं.

करायचं असं. प्रकरणाचा एक भाग वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवा, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरा. दोन दिवसांनी कॉर्नेल पानाचा उजवा रकाना झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्या. आठवड्याने पुन्हा, तीन आठवड्यांनी पुन्हा. जे दोनदा अचूक आलं ते बाजूला काढा, वेळ चुकणाऱ्यावर घाला. पाठांतराचे विषय असतील तर छोटी कार्डं करा, पुढे प्रश्न, मागे उत्तर. कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचंच. "हे येतं मला" म्हणत उलटलेलं कार्ड म्हणजे पुन्हा वाचनच.

गणित, भौतिकशास्त्र, लेखाशास्त्र अशा उदाहरणांच्या विषयांत आणखी एक गोष्ट करा: प्रकार मिसळा. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकाराची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले ८९ टक्के बरोबर होते, मिसळवाले ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. एकाच प्रकाराची वीस उदाहरणं ओळीने सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवावं लागतं. म्हणून प्रकरण समजून घेताना चार-पाच उदाहरणं सलग करा, मग तीन प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून, चिठ्ठ्या पिसून सोडवा.

पायरी ५: "मनच लागत नाही" याचं निदान करा

हे वाक्य तापासारखं आहे. त्याखाली वेगवेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या आत्मनिर्धार सिद्धांतात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत: आपण हे आपल्या मर्जीने करतो आहोत असं वाटणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. यातली कोणती उपाशी आहे ते पाहा.

मर्जीची भूक असेल तर मनात येतं, "हे मी कुणासाठी करतोय?" शाळेतली शेवटची दोन वर्षं केवळ प्रवेशाच्या गुणांसाठी धावलेल्या मुलांना हे फार जाणवतं. डेसीने १९७१ मध्ये केलेल्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांना कमी हात लावला. प्रवेश मिळाल्यावर गुणांचं गाजरही असंच संपतं, असं मला वाटतं. यावर उपाय म्हणजे लहान लहान निवडी परत हातात घेणं. निबंधाचा विषय यादीतला सोपा न घेता आवडीचा घ्या. दर आठवड्याला प्रत्येक विषयासाठी दोन ओळी लिहा: या आठवड्यात शिकलेलं माझ्या कोणत्या प्रश्नाला जाऊन भिडतं? काही आठवडे उत्तर सुचणार नाही. सुचेल तेव्हा त्या विषयाचा चेहरा बदलतो.

जमत नसल्याची भीती असेल तर लक्षण वेगळं असतं. तुम्ही तो विषय टाळता, खोली आवरता, सोप्या विषयाचं तिसऱ्यांदा वाचता. अशा वेळी मन वळवण्यात वेळ घालवू नका, काम लहान करा. पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावा आणि एकच उदाहरण घ्या, तेही पाठ्यपुस्तकात सोडवून दाखवलेलं. ते झाकून स्वतः करा. जमलेल्या कामाने जो आत्मविश्वास येतो तो प्रोत्साहनपर व्हिडिओंनी येत नाही.

सुरुवातच होत नसेल तर "केव्हा आणि कुठे" ठरवा. पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्या १९९७ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक अहवाल लिहून ठराविक मुदतीत पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी नेमकं ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी मुदत पाळली. न ठरवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच वेळेत उरकू शकले. इच्छा दोघांचीही होती. तेव्हा वाक्य असं बांधा: "चारचं लेक्चर सुटलं की मी खोलीवर न जाता थेट ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जाईन आणि प्रकरण ३ चं पहिलं पान उघडेन." खोलीवर गेल्यावर निर्णय घ्यायची वेळ येते, आणि थकलेला माणूस निर्णय पलंगाच्या बाजूने देतो.

आणि टाळाटाळ झालीच तर? स्वतःला झोडपू नका. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. मला ते सयुक्तिक वाटतं. ज्या पुस्तकाकडे पाहिलं की अपराधी वाटतं ते पुस्तक आपण उघडत नाही.

पायरी ६: माणसं जोडा, आणि प्रश्न घेऊन जा

तिसरी भूक आपलेपणाची. नव्या वर्गात प्रत्येकाला वाटत असतं की बाकी सगळे रुळलेत आणि फक्त आपणच चुकून इथे आलो. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले: उपरेपणाची भावना सगळ्यांनाच येते आणि काळाबरोबर जाते. मग त्यांना स्वतःच्या शब्दांत तेच लिहायला लावलं. सगळं मिळून तासाभराचं काम. त्या अमेरिकी विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले आणि इतरांबरोबरची दरी जवळपास निम्मी झाली. आपण इथले नाही, ही शंका किती ताकद खात असते याचा यावरून अंदाज यावा.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांना थेट विचारा: "पहिल्या सत्रात तुम्हाला सगळ्यात जड काय गेलं?" तीन-चार जणांचा अभ्यासगट करा, पण नियम एक ठेवा. प्रत्येकाने एकेक भाग पुस्तक न बघता इतरांना समजावून सांगायचा. नुसतं शेजारी बसून वाचायचं असेल तर गटाची गरज नाही.

शिक्षकांकडे जायला बहुतेकांची जीभ रेटत नाही. "सर, काहीच कळलं नाही" या वाक्याला त्यांनाही उत्तर देता येत नाही. नोट्समधलं ते प्रश्नचिन्ह घेऊन जा आणि म्हणा, "मॅडम, ही सिद्धता मला चौथ्या ओळीपर्यंत कळली. पाचवी ओळ कुठून आली ते लागत नाही. मी असं करून पाहिलं." सोबत खाडाखोडीचा कागद दाखवा. कुणीही शिक्षक त्या कागदाकडे दुर्लक्ष करणार नाही, आणि तुमचं नावही त्यांच्या लक्षात राहील.

पायरी ७: झोप आणि फोन

थोडक्यात सांगतो. १८ ते २५ वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं सकाळपुरतं टिकेलही, पण पुढच्या सत्राला लागणारा पाया त्याने होत नाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, झोपेची वेळ आपोआप मागे येते. फोन उलटा ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या खोलीत किंवा बॅगेच्या तळाशी ठेवा.

पायरी ८: पहिला निकाल हातात आल्यावर

इथे अनेकांचं वर्ष फिरतं. टिमथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८२ मध्ये, गुणांमुळे चिंतेत असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना एवढंच दाखवून दिलं की पहिल्या वर्षी गुण कमी पडणं सर्रास घडतं आणि पुढे ते सुधारतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्यातल्या ५ टक्के जणांनी शिक्षण सोडलं होतं. हे न ऐकलेल्यांत ते प्रमाण २५ टक्के होतं. गट लहान होते, तरी मी हा अभ्यास प्रत्येक खचलेल्या विद्यार्थ्याला सांगतो.

निकालानंतर दोन दिवस जाऊ द्या. मग उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर ती मिळवा आणि गेलेला प्रत्येक गुण चार खणांत टाका: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, आठवलं पण प्रश्नाला लावता आलं नाही, येत होतं पण वेळ संपला किंवा घाईत चुकलं. पहिला खण भरला तर तक्ता सुधारा, म्हणजे पायरी १. दुसरा भरला तर आठवण्याचा सराव वाढवा. तिसरा भरला तर मिसळलेली उदाहरणं आणि जुन्या प्रश्नपत्रिका. चौथा भरला तर घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहिण्याचा सराव. "पुढच्या वेळी जास्त अभ्यास करीन" हा संकल्प या चारांपैकी कशालाच धरून नसतो.

पायरी ९: दुखणं अभ्यासाचं नसेल तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन उठलं असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर वरच्या कोणत्याही पायरीने भागणार नाही. विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा आणि घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी एकाला तरी सांगा. जगणं नकोसं करणारे विचार येत असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी गाठा. सत्र वाया गेलं तर परत करता येतं.

याहून वेगळी शंकाही असते: शाखाच चुकली का? ती शंका पहिल्या वाईट निकालाच्या आठवड्यात तपासू नका, तेव्हा प्रत्येक शाखा चुकीचीच वाटते. किमान सहा आठवडे वरची घडी बसवून अभ्यास करून पाहा. त्यानंतर त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून तो सध्या करत असलेला प्रकल्प आणि वाचत असलेली पुस्तकं मागून घ्या. तासभर चाळा. कळणार नाही त्यातलं बरंच काही, पण ते कळावंसं वाटतं का, हे त्या तासात कळेल. वाटत नसेल, तर शाखा बदलण्याचे नियम आणि शेवटची तारीख कार्यालयातून त्याच आठवड्यात लेखी घ्या, कारण ती तारीख बहुधा आपण समजतो त्यापेक्षा लवकर असते.